काचेच्या नळीतला आवाज : सेवाग्राम, आष्टी आणि ४२.३४ मीटर

आमच्या ऑफिसात गाणी ऐकणाऱ्या मंडळींमध्ये सध्या एक खूळ शिरलंय. व्हॉल्व्हचा अँप्लिफायर. लाकडी कडा, चकचकीत खुंट्या, पुढे थरथरणाऱ्या काट्याची मीटरं आणि वर उघड्यावर चार-सहा काचेच्या नळ्या. खोलीतला दिवा मालवला की त्या नळ्या निरांजनासारख्या मंद नारिंगी दिसतात. किंमत ऐकाल तर तेवढ्यात चांगली सेकंडहँड बाईक येईल. आणि एवढं करून ताकद किती, तर चॅनलमागे पाच-सात वॅट! कुठल्याही गणेश मंडळाचा कार्यकर्ता पोट धरून हसेल.

"पण त्याचा साउंड वॉर्म असतो रे" हे वाक्य मात्र सगळ्यांच्या तोंडी. आता वॉर्म म्हणजे नेमकं काय? आम्ही पडलो इंजिनियर, त्यामुळे 'मस्त वाटतं' एवढ्यावर समाधान होत नाही. म्हणून वाचायला बसलो. सुरुवात केली एका व्हॉल्व्हच्या डेटाशीटपासून आणि दोन-तीन वीकेंडनंतर पोचलो कुठे, तर थेट आमच्या वर्धा जिल्ह्यात, आष्टीला. १६ ऑगस्टला आष्टीच्या हुतात्म्यांवरची भाषणं आम्ही शाळेत दरवर्षी ऐकायचो. पण त्या गोष्टीत कुठेतरी एक काचेची नळीही आहे, हे मला कुणी सांगितलं नव्हतं. आज तीच गोष्ट सांगतो.

नळीत असतं तरी काय?

आधी थोडं तंत्र. घाबरू नका, गणित नाही.

काचेच्या नळीतली हवा पार काढून टाकायची. आत एक तार तापवायची. तापलेल्या धातूतून इलेक्ट्रॉन बाहेर उडतात. समोर एक पत्रा ठेवायचा आणि त्याला दोन-अडीचशे व्होल्टचा धन दाब द्यायचा. इलेक्ट्रॉन ऋण असल्यामुळे त्या पत्र्याकडे धावत सुटतात. तापणारा भाग म्हणजे कॅथोड, पत्रा म्हणजे अ‍ॅनोड. प्रवाह एकाच दिशेने जातो, उलटा जात नाही, म्हणून इंग्रजांनी याला झडप या अर्थी 'व्हॉल्व्ह' म्हटलं. अमेरिकन लोक 'ट्यूब' म्हणतात. आपल्याकडे रेडिओवाल्यांनी इंग्रजांचाच शब्द उचलला. ही दोन भागांची नळी लंडनमध्ये जॉन अ‍ॅम्ब्रोज फ्लेमिंगने १९०४ साली केली.

खरी जादू झाली १९०६ मध्ये. अमेरिकेत ली डी फॉरेस्टने मध्ये तिसरा भाग घातला, बारीक तारेची जाळी. तिला म्हणतात ग्रिड. आमच्याकडच्या माणसाला हे समजवायचं तर बोर धरणाच्या कालव्याचं उदाहरण द्यावं. कालव्याचं गेट फिरवायला एका माणसाचा हात पुरतो, पण त्या हाताने पाणी मात्र शेकडो एकराचं सुटतं. ग्रिड म्हणजे ते गेट. तिच्यावर अगदी क्षीण विद्युत लहर दिली की मधून वाहणारा मोठा प्रवाह त्या लहरीबरहुकूम कमीजास्त होतो. लहान लहरीची मोठी नक्कल तयार होते. यालाच म्हणतात अँप्लिफिकेशन.

लक्षात घ्या, व्हॉल्व्ह स्वतःची ताकद निर्माण करत नाही. ताकद येते वीजपुरवठ्यातून. ग्रिड फक्त सांगते, कधी किती सोडायचं. आणि ग्रिडला हेही कळत नाही की आलेली लहर बालगंधर्वांच्या गाण्याची आहे, व्हाइसरॉयच्या भाषणाची आहे की एखाद्या फरारी माणसाच्या बातमीपत्राची. हा मुद्दा पुढे कामाला येणार आहे.

मजा म्हणजे आपण काय बनवलंय हे खुद्द डी फॉरेस्टलाही नीट समजलं नव्हतं. नळीत थोडा वायू हवाच, असं तो धरून चालला होता. पुढे इतरांनी नळी पूर्ण निर्वात केली, तेव्हा कुठे ती भरवशाची झाली. १९१५ मध्ये न्यूयॉर्क ते सॅन फ्रान्सिस्को टेलिफोन लाइन सुरू झाली ती या नळ्यांच्याच जोरावर. वाटेत क्षीण होत जाणारा आवाज ठिकठिकाणी पुन्हा मोठा करायचा, म्हणजे टपाल नेणाऱ्याचे दमलेले घोडे बदलावेत तसं.

आवाज मोठा झाला आणि सभा बदलली

व्हॉल्व्हच्या आधी सभा म्हणजे काय होतं याचा विचार करा. वक्त्याची छाती जेवढी दमदार तेवढी त्याची सभा मोठी. मागच्या लोकांना ऐकू जावं म्हणून मध्ये माणसं उभी करायची आणि त्यांनी वाक्यं पुढे पोचवायची. रेकॉर्डिंगचंही तेच. गायकाने भोंग्यात तोंड घालून मोठ्याने गायचं, तर सुई हलणार. १९२५ च्या सुमारास मायक्रोफोन आणि व्हॉल्व्ह वापरून रेकॉर्डिंग सुरू झालं आणि हळू आवाजात गाणाऱ्यालाही रेकॉर्डवर जागा मिळाली.

सभेत लाउडस्पीकर आला तो याच दशकभरात. १९१९ मध्ये अमेरिकेचे अध्यक्ष वुड्रो विल्सन सॅन दिएगोच्या स्टेडियममध्ये हजारो लोकांपुढे व्हॉल्व्हच्या यंत्रणेवरून बोलले. भारतात हे काम ज्यांच्या नावावर आहे ते म्हणजे मोटवाने कुटुंब. ग्यानचंद मोटवाने यांनी १९०९ मध्ये सिंधमधल्या सक्करला व्यवसाय सुरू केला. पुढे तो कराचीमार्गे मुंबईला आला आणि 'शिकागो रेडिओ' या नावाने गाजला. नाव शिकागो, माणसं सिंधी, दुकान मुंबईत! स्वातंत्र्यचळवळीतल्या पुढाऱ्यांचे जुने फोटो बघा, माइकच्या पट्टीवर हे नाव कितीतरी वेळा दिसेल.

आणि या माइकचा सर्वात जास्त उपयोग कुणाला झाला असेल, तर ज्यांचा आवाज मुळात बारीक होता त्यांना. म्हणजे गांधीजींना.

आमच्या सेवाग्रामबद्दल बाहेरच्या लोकांचा एक ठाम समज असतो. गांधी म्हणजे चरखा, आणि चरखा म्हणजे यंत्राला विरोध. इतकं सोपं ते नाही. गांधीजी १९३४ मध्ये वर्ध्याला आले, मगनवाडीत राहिले आणि १९३६ मध्ये शेगावला गेले. तेच शेगाव १९४० मध्ये सेवाग्राम झालं. कुडाच्या भिंती, कौलं, चटई, सगळं खरं. पण त्याच आश्रमात एक लाकडी टेलिफोनची खोकीही आहे. व्हाइसरॉय लिनलिथगोने थेट बोलता यावं म्हणून हा फोन बसवून घेतला, असं तिथे सांगतात. माणसाच्या हातचं काम हिसकावणारं यंत्र त्यांना नको होतं. माणसाचं म्हणणं दूर नेणाऱ्या यंत्रासमोर मात्र ते बसत होते.

वर्ध्याचा ठराव, मुंबईचा प्रक्षेपक

जुलै १९४२. काँग्रेस कार्यकारिणीची बैठक वर्ध्यात भरली आणि १४ जुलैला इंग्रजांनी भारत सोडावा असा ठराव झाला. 'छोडो भारत'चा पाया आमच्या वर्ध्यात घातला गेला, असं आम्ही अभिमानाने सांगतो. तो ठराव ८ ऑगस्टला मुंबईच्या गोवालिया टँक मैदानावर काँग्रेस महासमितीने मंजूर केला. ९ ऑगस्टच्या पहाटेपासून धरपकड. गांधीजींना पुण्याला आगाखान पॅलेसमध्ये नेलं. नेहरू, पटेल, आझाद वगैरे कार्यकारिणीची मंडळी अहमदनगरच्या किल्ल्यात.

आता प्रश्न असा की पुढारी सगळे आत, वर्तमानपत्रांवर निर्बंध आणि रेडिओ सरकारचा. मग देशात काय चाललंय हे देशाला कळणार कसं?

रेडिओ सरकारचा म्हणजे अगदी पूर्णपणे सरकारचा. १९३९ मध्ये महायुद्ध सुरू झालं तेव्हाच हौशी रेडिओवाल्यांचे परवाने रद्द करून त्यांचे प्रक्षेपक जमा करायला लावले होते. म्हणजे ऐकायचं सगळ्यांनी, बोलायचं एकट्याने. आजच्या भाषेत सांगायचं तर देशातल्या सगळ्या युजर्सना फक्त रीड परमिशन आणि राइट परमिशन एकट्या सरकारला.

अशा वेळी मुंबईत २२ वर्षांच्या उषा मेहता आणि त्यांचे सहकारी यांनी चोरून एक रेडिओ केंद्र उभं केलं. नाव काँग्रेस रेडिओ. विठ्ठलदास ऊर्फ बाबूभाई खाकर, चंद्रकांत झवेरी ही मंडळी बरोबर होती. भूमिगत असलेल्या राममनोहर लोहियांचा हात त्यामागे होता. प्रक्षेपक बांधला नरिमन प्रिंटर नावाच्या तंत्रज्ञाने, आणि सामान-माणसांची मदत आली ती शिकागो रेडिओच्या नानिक मोटवाने यांच्याकडून. २७ ऑगस्ट १९४२ ला पहिलं प्रसारण झालं, ४२.३४ मीटरवर.

हा ४२.३४ मीटर काय प्रकार आहे ते बघू. ही लहरीची लांबी. प्रकाशाच्या वेगाला तिने भागलं की वारंवारता येते सुमारे ७.०८ मेगाहर्ट्झ. लघुलहरी, म्हणजे शॉर्टवेव्ह. या लहरी संध्याकाळनंतर वातावरणाच्या वरच्या विद्युतभारित थरावरून परावर्तित होतात आणि शेकडो किलोमीटर लांब उतरतात. मुंबईतल्या एका बंद खोलीतून नागपूर-वर्ध्याच्या पलीकडे जायला ही वारंवारता अगदी योग्य. आजही जगभरचे हौशी रेडिओवाले ७ मेगाहर्ट्झचा पट्टा याच कारणासाठी वापरतात.

या सगळ्याच्या मुळाशी काय होतं? व्हॉल्व्ह. ट्रान्झिस्टरचा जन्मच मुळी डिसेंबर १९४७ चा. १९४२ मध्ये माइकचा क्षीण आवाज वाढवायला व्हॉल्व्ह, लहर निर्माण करायला व्हॉल्व्ह, ती लहर अँटेनात ढकलायलाही व्हॉल्व्हच. आणि पलीकडे गावात कुणी ऐकत असेल तर त्याच्या रेडिओतही व्हॉल्व्ह.

आता त्या खोलीतली अवस्था डोळ्यांसमोर आणा. व्हॉल्व्हचं यंत्र बटण दाबताक्षणी चालू होत नाही, तापायला वेळ घेतं. प्रक्षेपक जितका वेळ चालू तितका पकडला जाण्याचा धोका जास्त, कारण दिशा शोधणाऱ्या पोलिसांच्या गाड्या मुंबईत फिरत होत्या. दोन वेगवेगळ्या जागांवरून लहरीची दिशा मोजली की नकाशावर दोन रेघा जिथे छेदतात तिथे तुम्ही सापडलात. म्हणून बिऱ्हाड सतत हलतं. आधी चौपाटी, मग लॅबर्नम रोड, सँडहर्स्ट रोड, गिरगावातली पारेख वाडी, शेवटी महालक्ष्मी. लोखंडी चेसिस, जड ट्रान्सफॉर्मर आणि फुटणाऱ्या काचेच्या नळ्या घेऊन! लॅपटॉप बॅगेत टाकून जागा बदलण्याइतकं ते सोपं नव्हतं.

आष्टी

आता आमच्या जिल्ह्याकडे येऊ.

१६ ऑगस्ट १९४२, नागपंचमीचा दिवस. वर्धा जिल्ह्यातलं आष्टी आणि तेव्हाच्या चांदा जिल्ह्यातलं चिमूर, दोन्हीकडे एकाच दिवशी उठाव झाला. राष्ट्रसंत तुकडोजी महाराजांच्या खंजिरी भजनांनी हा सगळा भाग आधीच पेटलेला होता. आष्टीत लोक पोलीस ठाण्यावर चालून गेले. गोळीबार झाला, सहा जण हुतात्मा झाले, पोलीसही मारले गेले. चिमूरला तर सरकारी अधिकाऱ्यांचे बळी गेले आणि त्यानंतर आलेल्या फौजेने गावावर जे अत्याचार केले, विशेषतः बायकांवर, त्याची आठवण त्या भागात अजून बुजलेली नाही.

पण १९४२ च्या त्या दिवसांत हे पुण्या-मुंबईच्या किंवा अलाहाबादच्या माणसाला कसं कळणार? छापायची चोरी. सरकारी रेडिओ सांगणार नाही. आष्टीच्या लोकांना अर्थात बातमीची गरज नव्हती, त्यांनी सगळं डोळ्यांनी पाहिलं होतं. त्यांना गरज होती ती आपलं म्हणणं बाहेर पोचण्याची.

ते काम काँग्रेस रेडिओने केलं. उषा मेहतांनी पुढे आपल्या आठवणींत सांगितलंय की चितगावची बॉम्बफेक, जमशेदपूरचा संप, बलियाच्या घटना यांच्याबरोबर आष्टी-चिमूरच्या अत्याचारांची हकिगतही या केंद्रावरून सविस्तर सांगितली गेली.

हे वाचलं तेव्हा मी थांबलोच. सातशे किलोमीटर लांब मुंबईत चोरून तापवलेल्या काचेच्या नळीतून आमच्या आर्वी-आष्टीकडचं दुःख देशभर गेलं होतं! ज्या तहसिलीचं नाव सांगितलं तर पुण्यात आजही लोक 'कुठे आलं हे?' विचारतात, तिचं नाव त्या संध्याकाळी लघुलहरींवर होतं.

केंद्र टिकलं फार तर अडीच महिने. नरिमन प्रिंटर पोलिसांच्या हाती लागला आणि त्याने माहिती दिली. १२ नोव्हेंबर १९४२ ला महालक्ष्मीच्या जागेवर छापा पडला. उषा मेहतांनी चौकशीत तोंड उघडलं नाही. खटल्यात बाबूभाई खाकर यांना पाच वर्षं, उषा मेहतांना चार वर्षं शिक्षा झाली. मोटवाने सुटले. उषाताई येरवड्याहून बाहेर आल्या त्या १९४६ मध्ये. पुढे त्या मुंबई विद्यापीठात राज्यशास्त्राच्या प्राध्यापक झाल्या, १९९८ मध्ये पद्मविभूषण मिळालं, २००० साली गेल्या.

आणि हे केंद्र बंद पडलं त्याच नोव्हेंबरात सेवाग्राम आश्रमातले प्रा. जयकृष्ण भन्साळी यांनी चिमूरच्या अत्याचारांची चौकशी व्हावी म्हणून उपोषण धरलं. किती दिवस? ६३! सरकारने त्या उपोषणाच्या बातम्यांवरही बंदी घातली. शेवटी १२ जानेवारी १९४३ ला तडजोड होऊन ते सुटलं. मला हे दोन्ही शेजारी ठेवून बघावंसं वाटतं. एकीकडे आवाज मोठा करणारं यंत्र होतं, ते जप्त झालं. दुसरीकडे एका माणसाने आपलं शरीरच पणाला लावलं. मागणी एकच, आमच्याकडे काय झालं ते ऐका.

अजून एक योगायोग. छाप्याला बरोबर पाच वर्षं झाली त्या दिवशी, १२ नोव्हेंबर १९४७ ला, गांधीजी दिल्लीच्या आकाशवाणी केंद्रात गेले आणि कुरुक्षेत्रच्या छावणीतल्या निर्वासितांशी रेडिओवरून बोलले. केंद्रात जाऊन केलेलं त्यांचं हे एकमेव भाषण. त्या खोलीतही अर्थात व्हॉल्व्हच तापत होते.

नंतर घराघरात

१९४८ च्या जुलैत आकाशवाणीचं नागपूर केंद्र सुरू झालं आणि वर्ध्याला मराठी कार्यक्रम जवळून ऐकू यायला लागले. पुढची दोन-अडीच दशकं व्हॉल्व्ह रेडिओची. मर्फी, फिलिप्स, बुश. पोस्टातून लायसन काढायचं, दर वर्षी पैसे भरून नव्याने करायचं. १९५२ पासून रेडिओ सिलोनवर बिनाका गीतमाला. आमच्या आर्वीच्या घरी आजोबांचा तसा एक रेडिओ होता. चालू केला की अर्धा मिनिट मुका, मग हिरवा डोळा उघडायचा आणि आवाज यायचा. "थांब ना बाप्पा, गरम होऊ दे त्याले," हे घरात वर्षानुवर्षं म्हटलं गेलेलं वाक्य.

व्हॉल्व्हची युरोपीय नावं ही आमच्यासारख्या कोड लिहिणाऱ्यांना आवडावी अशी गोष्ट आहे. व्हेरिएबलला नाव कसं द्यावं ते यांच्याकडून शिकावं! ईएल८४ घ्या. 'ई' म्हणजे तापवायला ६.३ व्होल्ट. 'एल' म्हणजे शेवटचा ताकद देणारा पेंटोड. ८४ मधला ८ सांगतो की खाली नऊ पिनांचा पाया आहे. ईसीएल८२ म्हणजे एकाच काचेत ट्रायोड आणि पेंटोड दोन्ही. 'यू'ने सुरू होणारे व्हॉल्व्ह एकामागे एक जोडून थेट मेनवर तापवायचे. आणि 'डी' म्हणजे दीडेक व्होल्टच्या बॅटरीवर चालणारे. डीके९६, डीएल९६ वगैरे. हा 'डी' वर्ग महत्त्वाचा, कारण गावात वीजच नव्हती. खेड्यातला रेडिओ म्हणजे जाडजूड कोरडी बॅटरी आणि हे काटकसरी व्हॉल्व्ह. एका अक्षरात खेडं आणि शहर वेगळं केलेलं होतं.

बंगळुरूच्या भारत इलेक्ट्रॉनिक्सने १९६१ मध्ये रेडिओचे व्हॉल्व्ह देशात बनवायला सुरुवात केली. त्याच सुमारास मुंबईला टाटा इन्स्टिट्यूटमध्ये टिफ्रॅक हा भारतात बनलेला संगणक चालू होता. त्यात सुमारे २,७०० व्हॉल्व्ह होते आणि स्मरणशक्ती ४० बिटांचे २,०४८ शब्द. आम्ही ज्या धंद्यात पोट भरतो त्याचे पूर्वजही याच नळ्यांतून आले, हे विसरून चालणार नाही.

मग ट्रान्झिस्टर आला. लहान, थंड, स्वस्त, दोन सेलवर चालणारा, सायकलच्या हँडलला अडकवून शेतात नेता येणारा. व्हॉल्व्ह गेले, आणि खेड्याच्या दृष्टीने बघितलं तर बरंच झालं.

मग वॉर्म म्हणजे काय?

आता सुरुवातीच्या प्रश्नाकडे येऊ.

एक ईएल८४ एकट्याने चालवला तर तो २५० व्होल्टला ४८ मिलिअँपिअर घेतो, म्हणजे १२ वॅट. तापवायला आणखी पावणेपाच वॅट. आणि बाहेर मिळतात जास्तीत जास्त पावणेसहाच्या आसपास. बाकी सगळी उष्णता. तर शब्दशः बघायला गेलं तर 'वॉर्म' आहेच :)

कानाला जे ऊबदार लागतं त्याचं कारण मात्र स्वरशास्त्रात आहे. असा एकटा व्हॉल्व्ह मूळ स्वरात स्वतःची थोडी भेसळ करतो. ही भेसळ मुख्यतः दुप्पट वारंवारतेची असते. दुप्पट म्हणजे काय? तुम्ही सा दिलात तर तारसप्तकातला सा. तिप्पट म्हणजे तारसप्तकातला पंचम. पाचपट म्हणजे त्याच्याही वरच्या सप्तकातला गंधार, ज्याला तंबोऱ्यात आपण स्वयंभू गंधार म्हणतो. म्हणजे व्हॉल्व्ह चूक करतो, पण सुरात चूक करतो! तंबोरा ऐकत वाढलेल्या कानाला ती चूक न वाटता भरघोसपणा वाटतो. दोन व्हॉल्व्ह समोरासमोर जोडले, ज्याला पुशपुल म्हणतात, तर ही दुपटीची भेसळ बरीचशी एकमेकांना खाऊन टाकते आणि आवाज जास्त स्वच्छ होतो. आजचा साधा चिपचा अँप्लिफायर याहून कितीतरी कमी भेसळ करतो. मोजायला गेलात तर जुना हरतो. ऐकायला गेलात तर ज्याची त्याची आवड.

घ्यायचाच असेल तर एवढं बघा. जुन्या धाटणीच्या कित्येक स्वस्त डब्यांत व्हॉल्व्ह फक्त पुढच्या टप्प्यात असतात, खरं काम आत दडलेली चिप करते. काहींत तर काचेखाली नारिंगी एलईडी लावलेला असतो, दिसायला ऊब यावी म्हणून. खऱ्या व्हॉल्व्ह अँप्लिफायरची खूण म्हणजे वजन. अ‍ॅनोडच्या हजारो ओहमला स्पीकरच्या आठ ओहमशी जुळवून द्यायला मोठा आउटपुट ट्रान्सफॉर्मर लागतो, लोखंड आणि तांब्याचा. तो हलका असूच शकत नाही.

मी स्वतः घेणार का? नाही. त्या नारिंगी उजेडावर माझा राग नाही, पण तो उजेड कशासाठी होता हे कळल्यावर नुसती शोभा म्हणून त्याला शेल्फवर ठेवावंसं वाटत नाही. ग्रिडवर जे येईल ते मोठं करणं एवढंच त्या नळीचं काम. सरकारने दिलं तर सरकारचं, उषाताईंनी दिलं तर आष्टीचं. यंत्राला बाजू नसते. बाजू असते माइकसमोर बसणाऱ्याला, आणि तिची किंमतही तोच मोजतो. चार वर्षं, पाच वर्षं.

जाता जाता वर्धा, आर्वी, हिंगणघाट, पुलगावकडच्या वाचकांना एक सांगणं. माळ्यावर जुना व्हॉल्व्ह रेडिओ असेल तर ट्रान्सफॉर्मरच्या तांब्यासाठी भंगारात देऊ नका. आणि उत्साहाच्या भरात थेट प्लगमध्येही घालू नका. पन्नास वर्षांत आतले कंडेन्सर खराब झालेले असतात, आणि आत अडीचशे-तीनशे व्होल्ट खेळतात. बंद केल्यावरही कंडेन्सरमध्ये चार्ज उरतो, झटका जिवावर बेतू शकतो. जाणत्या मेकॅनिककडे न्या, तो आधी कंडेन्सर बदलेल आणि मग शंभर वॅटचा बल्ब सिरीजमध्ये लावून हळूहळू चालू करेल.

चालू झाला तर डायल नीट बघा. शॉर्टवेव्हच्या पट्टीवर ४९, ४१, ३१, २५ असे आकडे छापलेले असतील. काटा ४१ वर आणा आणि ४९ च्या बाजूला अगदी किंचित सरकवा. आता तिथे नुसती खरखर लागेल. १९४२ च्या पावसाळ्यानंतर काही आठवडे त्या जागी आष्टीचं नाव ऐकू येत होतं.